कुणीही मारली असती

मुकुंदनगर, अहिल्यानगर (म्हणजे आपलं नगरच)
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

प्रिय कान्या,

पाकिटावरचं नाव वाचून तू ते पोस्टमनला परत दिलं नसशील, असं धरून लिहितोय. मी हारिस. आयटीआयला वायरमनच्या वर्गात तुझ्या शेजारी बसून तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवायचा, तोच. चौदा वर्षं झाली आता आपण बोललो नाही त्याला.

तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. तिसगावच्या कुणालाही विचारून मिळाला असता, पण फोनवर तू गप्प राहिला असतास तर मी काय करणार होतो? पत्रात माणूस निदान आपलं म्हणणं पुरं करतो. पत्ता मात्र तोंडपाठ आहे. मु. पो. तिसगाव, बाजारतळाजवळ, तालुका पाथर्डी. कॉम्प्युटरवरच्या खेळाचा फॉर्म मीच भरला होता ना, तुझ्या नावाने आणि तुझ्या पत्त्यावर, कारण माझ्या अब्बांना कळलं असतं तर त्यांनी मला उभा सोलला असता.

हां, तर खेळ. आपला 'थॉर्नवेल ऑनलाईन' बंद होतोय. कंपनीने जाहीर केलंय, ३० एप्रिलला आपल्या घड्याळात संध्याकाळी पाच वाजता सर्व्हर कायमचा बंद. बातमी वाचली आणि गनीमामूचं सायबर डोळ्यांपुढे उभं राहिलं. माळीवाड्याच्या स्टँडमागे, खाली पानटपरी, वर सात कॉम्प्युटर आणि भारनियमन. लाईट गेली की मामू सगळ्यांना चहाला हाकलायचा आणि प्रत्येकाच्या तळहातावर बॉलपेनने उरलेली मिनिटं लिहायचा. कागदावर लिहिलं तर पोरं खाडाखोड करतात म्हणे. दुसऱ्या दिवशी तळहात दाखवला की तेवढी मिनिटं मिळायची. तू एकदा दोन दिवस उजवा हात धुतला नव्हतास. डाव्या हाताने जेवतोस म्हणून तुझ्या आईने, लंकामावशींनी, तुला ताटावरून उठवलं होतं, हे तूच सांगितलेलं.

दोघांत मिळून एकच खातं परवडायचं, म्हणून खेळातला लढणारा गडीही दोघांत एकच. नगरचा किल्ला भुईकोट, तुझ्या आजोळचा खर्ड्याचा किल्लाही भुईकोट, म्हणून त्याचं नाव भुईकोट. परदेशी पोरांना ते म्हणता यायचं नाही, ती त्याला नुसतं 'भुई' म्हणायची. चार ते सहा तू त्याला घेऊन रानात डुकरं मारायचास, त्याची ताकद वाढवायचास. सहाला तू एसटी पकडलीस की सहा ते आठ मी त्याला आखाड्यात उतरवायचो, माणसांशी लढायला. काय दिवस होते यार.

मला त्याला बघायचंय, कान्या. बंद व्हायच्या आधी एकदाच त्याला घेऊन आखाड्यात उतरायचंय. आपलं बोलणं तुटलं तेव्हा तू पासवर्ड बदललास, तो मला पाठव. गडी विकून टाकला असशील तर तेही सांग, मी काही म्हणणार नाही.

अक्षराला हसू नकोस. एसटीत बसून लिहितोय, रस्ता तुला माहीतच आहे.

लंकामावशींना सलाम. तिळगूळ घ्या.

तुझा,
हारिस


तिसगाव
२७ जानेवारी २०२५

श्री. हारिस शेख यांस,

पत्र पोचलं. पोस्टमनला परत देता आलं न्हाई, कारन तो ते आईच्या हातात देऊन गेल्ता. मी बोलतो तसंच लिहितो, शुद्ध करून वाचून घे.

एसटीत बसून लिहिलं म्हनतोस. तुझं अक्षर मला ठाऊक हाय. तुझ्या जर्नलातल्या आकृत्या सर दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायचे. चौदा वर्सांनी कानिफनाथाला पत्र लिहायचं, तर टेबलाशी बसायला दहा मिनिटं निघाली न्हाईत तुला. कोंबडीनं पाय फिरवल्यागत ओळी हायेत. तिथंच मला समजलं, माझी किंमत तुझ्याकडं अजून तेवढीच हाय.

किती, ते तुला आठवत नसंल. मी सांगतो. डिसेंबर दोन हजार दहा. आखाड्यातली मोठी स्पर्धा. ब्राझीलचा तो गडी, ज्याला आपल्या सर्व्हरवर कुनी हरवलं नव्हतं, त्याला तू हरवलंस. मी त्या दिवशी मुद्दाम सहाची एसटी सोडली हुती. पोरांनी तुला खांद्यावर घेतलं. कुनीतरी माझ्याकडं बोट करून इचारलं, याचं काय? तवा तू वरून हसत म्हनलास, "यानं नुसती डुकरं मारली. कुणीही मारली असती." समदे हसले. मीबी हसलो.

दोन वर्सं, रोज दोन तास. ज्या तलवारीनं तू जिंकलास ती मिळावी म्हनून मी चाळीस दिवस एका टेकडीवर उभा हुतो. ते तू कधी इचारलं न्हाईस.

भुईकोट इकला न्हाई. तो हाय. माझं बाजारतळावर मोटारी भरायचं दुकान हाय. विहिरीतली मोटार जळाली की जळकी तार काढायची आन तांब्याची नवी तार एकेक वेढा मोजून भरायची. दुपारी जेवन झालं की मी अर्धा तास खेळात जातो, डुकरं मारतो आन भायेर येतो. चौदा वर्सांत आजारपन सोडलं तर खाडा न्हाई. तो शेवटच्या पातळीला पोचला, त्याला सहा वर्सं झाली.

पासवर्ड देनार न्हाई.

आईनं तुझ्यासाठी तिळगुळाची पुडी बांधली हुती, ती पाकिटात बसली न्हाई. तेवढं तिला वाईट वाटलं.

कळावे,
कानिफनाथ


मुकुंदनगर, नगर
९ फेब्रुवारी

प्रिय कान्या,

तुझं पत्र शहजादीने वाचून दाखवलं. शहजादी माझी बायको. वाचून झाल्यावर म्हणाली, "एसटी का झूठ कायको लिखा? अब सच लिखो." म्हणून खरं लिहितो.

मी टेबलाशीच बसलो होतो. ते एक पान लिहायला मला चार दिवस लागले होते. गेल्या ऑगस्टमध्ये करंजी घाटात माझी गाडी घसरली. उजवा हात मनगटाच्या वर कापला, नस तुटली. पुण्याला नेऊन ती जोडली. नस जोडली म्हणून बोटं लगेच चालत नाहीत, हे मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, रोज हलवत राहिलास तर उन्हाळ्यापर्यंत जीव येईल, बसून राहिलास तर आखडतील. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, रोज हाताने एक पान लिहा. आता मी कुणाला लिहू? साऱ्या जगात एकच पत्ता मला पाठ होता.

तुला माहीत नसेल, माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. होतं म्हणू? मोबाईलच्या आतले मोहरीएवढे तुकडे मी नुसत्या डोळ्यांनी बसवायचो. दुसऱ्या दुकानांतून 'होणार नाही' म्हणून परत आलेले फोन माझ्याकडे यायचे. सहा महिने शटर बंद आहे. शहजादीच्या शिवणकामावर घर चाललंय. तिचा भाऊ म्हणतो, गाळा दुसऱ्याला देऊन टाक. मी त्याच्याकडून मे महिन्यापर्यंत वेळ मागून घेतलाय. तोवर बोटांनी साधा स्क्रू ड्रायव्हर धरला तर ठीक, नाहीतर मी पुढं काय करायचं हे मला खरंच माहीत नाही. मला दुसरं काही येत नाही, कान्या. जे आलं ते हाताला आपोआप आलं, कधी शिकावं लागलं नाही.

म्हणून पासवर्ड मागत होतो. एकेकाळी या हाताने काय केलं होतं ते डोळ्यांनी बघायचं होतं. बाकी काही नाही.

ते वाक्य मी बोललो होतो. आठवत नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण शब्द न् शब्द आठवतंय. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. आणि तू गडी विकलास, असं मी चौदा वर्षं सगळ्यांना सांगत आलो. पाथर्डीला जाताना महिन्यातून दोनदा तुझ्या बाजारतळासमोरून गेलो आणि एकदाही गाडी थांबवली नाही. घाटात पडलो तेव्हाही तुझ्या गावावरूनच परत येत होतो.

तिळगूळ दुसऱ्या पुडीत बांधून पाठव म्हणावं.

हारिस


तिसगाव
२० फेब्रुवारी २०२५

हारिस,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हनली, आधी पोराच्या अक्षराला नावं ठेवलीस त्याची माफी माग. मागतो. माझं चुकलं. ते पहिलं पत्र मी रागानं पेटीखाली टाकलं हुतं, ते काढून परत वाचलं. प्रत्येक अक्षर दाबून काढलंय तू. मला तवाच दिसायला पायजे हुतं, मी दिवसभर बारीक तारा बघनारा मानूस.

गोड बोलायला मला जमत न्हाई. कामाचं सांगतो.

भुईकोटाचा पासवर्ड आत्ता देत न्हाई. राग धरून नव्हं. भुईकोटाच्या एका फटक्यात डुक्कर मरतं, त्यात बोटाला काय काम? मी तुझ्यासाठी नवा गडी काढलाय. पहिल्या पातळीचा, अंगावर फाटका सदरा, हातात लाकडी काठी. नाव ठेवलंय बारकू. त्याला एक डुक्कर मारायला आठ-धा फटके लागतात. सोबतच्या चिठ्ठीत त्याचा पासवर्ड हाय.

माऊस डाव्या हातात घे. एक, दोन, तीन, चार ही बटनं उजव्या हाताच्या बोटांनी दाबायची. एक बोट एक बटन, बोट बदलायचं न्हाई. डाव्यानं दाबून फसवलंस तर मला कळंल, मी रोज दुपारी येऊन बघनार हाय. रोज शंभर डुकरं. आखाड्याकडं फिरकायचं न्हाई.

मी मोटार भरायला शिकलो तवा उस्ताद मला जळक्या मोटारीची तीच तार परत परत भरायला लावायचे. दोन महिने. मी रडकुंडीला आल्तो. पन मंग एक दिवस बोटं माझ्याकडं न बघता चालाया लागली. का चालली ते मला अजून सांगता यायचं न्हाई.

तिळगूळ वेगळ्या पार्सलनं पाठवलाय. वहिनींना नमस्कार.

कानिफ


मुकुंदनगर, नगर
१६ मार्च २०२५

कान्या,

तू माणूस आहेस की सासू? पहिल्या दिवशी अकरा डुकरं. अकरा! आणि त्यातल्या तीन डुकरांनी उलट मलाच मारलं. ब्राझीलच्या गड्याला लोळवणारा हारिस शेख, सुळे नसलेल्या एका गावठी डुकराच्या पायाशी मरून पडलाय आणि शेजारून कोणी बारा वर्षांची परदेशी पोरगी 'धीर धर' लिहून जातेय. शहजादी हसून हसून मशीनवरून उठली.

रोजे चालू आहेत, त्यामुळे दुपारी तसाही वेळ असतो. अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजापर्यंत बसतो. पहिल्या पंधरा दिवसांत वीस वेळा तरी उठून गेलो. करंगळी ऐकतच नव्हती. बटणावर ठेवली की माझी नसल्यासारखी पडून राहायची. एकदा मी कीबोर्ड भिंतीवर फेकला. मग शहजादीने तो उचलून पुसला आणि परत समोर ठेवला. त्या दिवशी अडतीस झाली.

आता ऐक. परवा शंभर भरली. आणि नव्वदाव्या डुकराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की डुक्कर धावून यायच्या आधी मान डावीकडे वळवतं. प्रत्येक वेळी. अर्धा क्षण आधी. मी दोन वर्षं तो खेळ खेळलो आणि मला हे माहीत नव्हतं. टेकडीमागे एक तळं आहे, तिथं डुकरं पाणी प्यायला येतात आणि पीत असली की अंगावर येत नाहीत, हेही माहीत नव्हतं. संध्याकाळी तिथलं पाणी तांबडं होतं. तू रोज तिथं असायचास आणि मला कधी बोलला नाहीस. मी तरी कधी विचारलं? सहा वाजता खुर्चीवरून तुला उठवायची मला घाई असायची.

आपलं सगळं भांडण एवढंच होतं ना रे, हात मोठा की घातलेले तास मोठे? मला वाटायचं हात. तास काय, गाढवालाही मिळतात. आता रोज शंभर डुकरं मारतोय आणि एवढंच सांगतो, कुणीही मारली नसती. मी मारली नसती. दोन वर्षं तर सोड, आठवडाभर मारली नसती. माझं चुकलं, कान्या. हे मला त्या सात कॉम्प्युटरांसमोर, त्याच पोरांसमोर म्हणायला हवं होतं. आता ना ती पोरं आहेत ना मामू. कोरोनात गेला तो. त्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे.

तीन बोटं वळतात. चौथं विचार करतंय.

एक विचारू? रागावलास हे समजलं. पण तू रागावून गप्प बसणारा माणूस, दार लावून घेणारा नाहीस. मग पासवर्ड का बदललास? खरं सांग.

हारिस


तिसगाव
२ एप्रिल २०२५

प्रिय हारिस,

ईद मुबारक. तू आखाड्याकडं फिरकला न्हाईस, बारकूच्या यादीत मी बघितलं. शहानपन आलं म्हनायचं.

इचारलंस तर सांगतो. हे मी बायकोलाबी सांगितलं न्हाई.

तू ते वाक्य बोललास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारी एकटाच गनीभाईंकडं आलो. सायबरात दुसरं कुनी नव्हतं. मनात म्हनलं, आज दाखवतो. गडी तोच, तलवार तीच, ताकद मी वाढवलेली. मंग हारिसनं असं काय येगळं केलं? ब्राझीलवाला खेळात हुताच. मी त्याला आखाड्यात बोलावलं.

अकरा सेकंद. अकरा सेकंदांत मी हरलो, हारिस. तो कुठून आला तेच दिसलं न्हाई. मला कळायच्या आत माझा भुईकोट मातीत पडला हुता. दोन वर्सं मी त्याला वाढवलं आन तो माझ्या हातात अकरा सेकंद उभा राहिला न्हाई.

मागं वळून बघितलं तर गनीभाई उभे. त्यांनी समदं बघितलं हुतं. मी उठाया लागलो तवा माझा हात धरला आन तळहातावर लिहिलं, १९. लाईट गेली नव्हती, काही न्हाई. म्हनले, "उन्नीस मिनट बाकी है तेरे. कल आ." मी गेलो न्हाई. परत कधीच गेलो न्हाई.

जायच्या आधी पासवर्ड बदलला. तू सहाला येऊन आखाड्यातल्या लढतींची यादी उघडली असतीस तर तुला दिसलं असतं. एक्केचाळीस जिंकल्या, एक हरली. ती एक कुनाची, हे तुला लगेच कळलं असतं. तू परत हसला असतास. मला ते नको हुतं, बाकी काही न्हाई. राग नव्हता तो, लाज हुती.

तवा तू म्हनतोस ते 'कुणीही मारली नसती' मला गोड लागलं, पन पुरतं खरं न्हाई. चौदा वर्सं तास घालून मी अजून आखाड्यात उतरत न्हाई. तुझ्या हातात काहीतरी हुतं जे मला कधी आलं न्हाई. ते परत यावं असं मला मनापासून वाटतं, म्हनून तुला डुकरं मारायला लावली. न्हाईतर मला काय गरज.

आता भुईकोटाचा पासवर्ड घे. इंग्रजी अक्षरांत, मधी जागा न सोडता लिही: कुणीही मारली असती. चौदा वर्सं रोज दुपारी हे टाईप करूनच मी आत जात आलो.

तीस एप्रिलला तू भुईकोट घे. बारकू मला दे. तळ्यापाशी भेटू.

कानिफ


मुकुंदनगर, नगर
१ मे २०२५

प्रिय कान्या,

पासवर्ड वाचला आणि मी तुझं पत्र दोन दिवस परत उघडलं नाही.

काल साडेतीनला बसलो. तो पासवर्ड मी उजव्याच हाताने टाईप केला. एकेक अक्षर शोधून. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा घेतला. स्वतःचंच बोलणं असं अक्षर अक्षर करून चार वेळा लिहायला लागल्यावर माणसाला रडू येतं, तसं मला आलं. मग दार उघडलं आणि समोर आपला भुईकोट. अंगावर सोन्याचं चिलखत आणि पाठीवर अजून तीच तलवार. तुझ्याकडे तिच्यापेक्षा चांगल्या तीस तलवारी पेटीत पडल्या होत्या, मी बघितल्या. तू ती बदलली नाहीस.

आखाड्यात उतरलो. समोर कोण होता बघितलंही नाही. डोक्याला सगळं दिसत होतं रे, आता हा डावीकडून येणार, आता वाकणार. पण बोट पोचेपर्यंत तो येऊन गेलेला असायचा. चौतीस सेकंद टिकलो. हरलो. मी मुद्दाम हरलो असं मनात आणू नकोस, अम्मीची शपथ, जीव तोडून लढलो. यादी उघडली. एक्केचाळीस जिंकल्या, दोन हरल्या. एक तुझी, एक माझी. ती तशीच राहू दिली आणि तळ्याकडे आलो.

तिथं तू बारकू होऊन, फाटक्या सदऱ्यात, काठीने डुकरं मारत होतास. शेवटची वीस मिनिटं राहिली असताना! कशाला मारतोयस विचारलं तर म्हणे आज दुपारची राहिली होती. मग शेजारी येऊन बसलास. पाच वाजले तेव्हा एक डुक्कर पाणी पीत होतं, ते तसंच मान खाली घालून थांबलं. पाणी तांबडं व्हायचं होतं अजून.

मग उठलो, खाली गेलो आणि दुकानाचं शटर उघडलं. नऊ महिन्यांनी. आत मामूचा जुना बटणांचा फोन पडला होता, त्याच्या मागचे चार स्क्रू काढले आणि परत बसवले. उजव्या हाताने. पूर्वी मला त्याला एक मिनिट लागलं असतं, काल अर्धा तास लागला. एक स्क्रू दोनदा पडला. पण चारही बसले. मेव्हण्याला सांगितलं, गाळा देत नाही. मोहरीएवढ्या तुकड्यांपर्यंत हात परत जाईल की नाही, अल्ला जाणे. तोवर चार्जिंगच्या पिना बदलीन, काचा बसवीन. तास घालायला शिकलोय आता.

रविवारी तिसगावला येतो, एसटीने. या वेळी खरोखर एसटीने. मामूचं एक काम राहिलंय तुझ्याकडे.

तुझा,
हारिस


तिसगाव
५ मे २०२५

प्रिय हारिस,

काल तू गेल्यावर आई लई वेळ ओट्यावर बसून हुती. म्हनली, पोरगं वाळलंय, पन हसनं तेच हाय. तुझ्यासोबत दिलेली चटनीची बरणी वहिनींकडं पोचली का ते कळव.

दुकानात चार गिऱ्हाइकं मोटारी घेऊन उभी असताना तू माझा हात धरलास आन खिशातून बॉलपेन काढलंस, तवा मला वाटलं तू चेष्टा करतोयस. मंग तू माझ्या तळहातावर १९ लिहाया लागलास. एवढ्याशा आकड्याला तू दीड-दोन मिनिटं घेतलीस. गिऱ्हाइकं बघत हुती आन मी मान वर केली न्हाई, कारन माझे डोळे भरले हुते. तू म्हनलास, मामूनं लिहिलेली मिनिटं बुडत न्हाईत, ही घे तुझी.

रात्री डाव्या हातानं जेवलो. आईनं बघितलं, पन या वेळी ताटावरून उठवलं न्हाई.

आज दुपारी जेवन झाल्यावर सवयीनं कॉम्प्युटर चालू केला, मंग आठवलं. अर्धा तास नुसता बसलो. हाताकडं बघत. एक झकास आलाय, हारिस. सरळ, आयटीआयच्या जर्नलातल्यासारखा. नऊ मात्र खाली घसरलाय, शेपटी भलतीकडंच गेलीय.

पुढच्या पत्रात नऊ शंभर वेळा लिहून पाठव. उजव्या हातानं. मी मोजनार हाय.

तुझा,
कान्या